नाशिकहून परदेशी जाणारे कागद: अपोस्टिल, अटेस्टेशन आणि मधले सगळे शिक्के

ऑफर लेटर येतं, सोबत कागदांची यादी येते आणि त्यात एक ओळ असते: ‘सर्व प्रमाणपत्रे अपोस्टिल केलेली असावीत.’ अपोस्टिल म्हणजे कागदावरची सही खरी असल्याचं, परदेशात चालणारं परराष्ट्र मंत्रालयाचं प्रमाणपत्र. इथून पुढे बहुतेक घरांत दोनपैकी एक गोष्ट होते. कुणीतरी ओळखीचा एजंट सुचवतो आणि अख्खी फाईल त्याच्या हवाली केली जाते. नाहीतर मुलगा किंवा मुलगी कोर्टाबाहेर जाऊन सगळ्या झेरॉक्सवर नोटरीचे शिक्के मारून आणते. दोन्हीत पैसे आधी जातात आणि ‘हे चाललंच नाही’ हे नंतर कळतं. मी नाशिकमध्ये कागदपत्रांच्या अनुवादाची कामं करते. माझ्याकडे येणारा कागद निम्म्या वाटेवरचा असतो, त्यामुळे तो कुठे आणि कशामुळे अडतो ते रोज दिसतं.

पहिल्यांदाच हे करणाऱ्याने एक गोष्ट नीट समजून घेतली तर बाकीचं आपोआप उलगडतं. या सगळ्या शिक्क्यांमध्ये तुमच्या कागदातला मजकूर कुणी तपासत नाही. तपासली जाते ती सही. दिंडोरी तालुक्यातल्या एखाद्या ग्रामपंचायतीने दिलेल्या जन्मदाखल्यावर कुणाची सही आहे, हे माद्रिदमधल्या कारकुनाला कळणं शक्य नाही. म्हणून त्या सहीला ओळखणारा राज्यातला अधिकारी आपली सही करतो, त्या अधिकाऱ्याच्या सहीचा नमुना ठेवणारं परराष्ट्र मंत्रालय त्यावर आपला शिक्का लावतं आणि परदेशात तो शेवटचा शिक्का ओळखला जातो. मधली एक कडी सुटली की वरचा अधिकारी कागद परत करणार. त्याच्या हातात दुसरा पर्यायच नसतो.

आधी विचारा

कागद घेऊन कुठेही जाण्यापूर्वी, ज्याला तो द्यायचा आहे त्याला ईमेल करा. चार प्रश्न पुरतात. कोणकोणते कागद हवेत? अपोस्टिल मूळ कागदावर हवं की सत्यप्रतीवर चालेल? अनुवाद लागतो का, आणि कुणी केलेला? कागद किती जुना चालतो? उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. ‘माझ्या मित्राने असं केलं होतं’ यावर विसंबू नका. मित्र दुसऱ्या विद्यापीठात, दुसऱ्या वर्षी गेलेला असतो.

हा ईमेल केला की बऱ्याच जणांचं निम्मं काम तिथेच संपतं. अमेरिकेत शिकायला जाणाऱ्यांना सहसा अपोस्टिल लागतच नाही. तिथली विद्यापीठं ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा एकत्र उतारा मागतात, किंवा पदवीचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेला विद्यापीठाकडून थेट कागद जावे लागतात. कॅनडाच्या कायम वास्तव्यासाठी शैक्षणिक मूल्यांकनाचा मार्गही तसाच. याउलट इटली, स्पेन, फ्रान्ससारख्या देशांत अपोस्टिल सर्रास मागतात. आखातात नोकरीला जाणाऱ्याचा रस्ता अजून वेगळा, त्याकडे पुढे येते.

देश कोणत्या बाजूचा?

५ ऑक्टोबर १९६१ ला हेगमध्ये एक करार झाला. करारातल्या देशांनी एकमेकांच्या सरकारी कागदांवर एकच ठरावीक प्रमाणपत्र मान्य करायचं, दूतावासाच्या पायऱ्या चढायला लावायच्या नाहीत, असं त्यात ठरलं. ते प्रमाणपत्र म्हणजे अपोस्टिल. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपान, दक्षिण कोरिया, रशिया आणि युरोपातले बहुतेक देश यात आहेत.

यादी बदलत असते आणि जुन्या माहितीवर चालणारे इथेच फसतात. सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये आला, चीन नोव्हेंबर २०२३ मध्ये, कॅनडा जानेवारी २०२४ मध्ये. याआधी या देशांना जाऊन आलेला कुणी तुम्हाला दूतावासाच्या रांगेबद्दल सांगेल. तो खोटं बोलत नसतो, त्याच्या वेळी तसंच होतं. आखातातले ओमान आणि बहरीन त्याच्याही आधीपासून करारात आहेत. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत मात्र करारात नाहीत. तिथे दूतावासाचं अटेस्टेशन, म्हणजे साक्षांकनाचा शिक्का लागतो.

जर्मनीचं वेगळं सांगायला हवं, कारण नाशिकमधून तिकडे जायची इच्छा असलेली मुलं आता खूप आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून जर्मन भाषेच्या वर्गांनाही गर्दी झाली आहे. जर्मनी हेग करारात आहे, भारतही आहे, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतलेली असल्यामुळे या दोघांमध्ये अपोस्टिल चालत नाही. जर्मनीत शिकायला जाणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं प्रमाणपत्र लागतं. एपीएस म्हणजे जर्मनीचं शैक्षणिक कागद तपासणारं केंद्र, ते आपल्या पद्धतीने तपासणी करतं. तेव्हा जर्मनीसाठी ‘अपोस्टिल करून देतो’ म्हणून कुणी पैसे मागितले, तर जर्मन बाजूने ते लेखी मागितलं आहे का एवढंच विचारा.

कागद उजेडात धरून बघा

आता फाईल उघडा. हा टप्पा लोक सगळ्यात घाईने उरकतात आणि बहुतेक कागद इथल्याच गोष्टींमुळे परत येतात.

पहिली गोष्ट लॅमिनेशन. दहावीचं प्रमाणपत्र हातात आलं की ते लॅमिनेट करून घेणं ही आपल्याकडे जवळजवळ रीतच आहे. निफाडकडचे एक काका मुलीची फाईल घेऊन आले होते. बोर्डाच्या प्रमाणपत्रापासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सगळं जाड प्लास्टिकमध्ये बंद. ‘ताई, किती जपून ठेवलंय बघा,’ असं अभिमानाने म्हणाले. त्या प्लास्टिकवर ना शाईचा शिक्का धरत, ना मागे स्टिकर नीट चिकटत, आणि काउंटरवर तो कागद घेत नाहीत. दुकानदार ‘गरम करून काढून देतो’ म्हणतो, तेव्हा लॅमिनेशनबरोबर शाईचा थर निघतो किंवा कागद पिवळा पडून चुरगळतो. त्यापेक्षा दुसरी प्रत मागा. दहावी-बारावीसाठी नाशिक विभागीय मंडळाकडे, पदवीसाठी विद्यापीठाकडे. वेळ लागतो, म्हणून हे काम सगळ्यांच्या आधी सुरू करा.

दुसरी गोष्ट नाव. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव स्वतंत्र ओळीत. पासपोर्टवर आडनाव एका रकान्यात आणि स्वतःचं व वडिलांचं नाव मिळून दुसऱ्या रकान्यात. आपल्याला यात काहीच वावगं दिसत नाही. परदेशातल्या कारकुनाला ही दोन वेगळी माणसं वाटू शकतात. क्रम उलटा असणं सहसा समजावून सांगता येतं. स्पेलिंगचा फरक अवघड असतो. दाखल्यावर एक ‘ए’ आणि पासपोर्टवर दोन, वडिलांच्या नावापुढे ‘राव’ किंवा ‘भाऊ’ एका ठिकाणी जोडलेलं आणि दुसरीकडे गायब, ‘व्ही’च्या जागी ‘डब्ल्यू’. सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा आणि एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. स्वतःच वाचू नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला लावा. आपलं नाव आपल्याला नेहमी बरोबरच दिसतं.

लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांचा गुंता मोठा असतो. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि लग्नाच्या दाखल्यावर कधी एक तर कधी दुसरं. किरकोळ फरकासाठी ‘ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र चालतं. नाव खरोखरच बदललं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्या. अर्ज ऑनलाइन होतो आणि राजपत्राची प्रत पुढे आयुष्यभर उपयोगी पडते. प्रतिज्ञापत्राच्या स्टॅम्पपेपरला ऑक्टोबर २०२४ पर्यंत १०० रुपये पुरायचे, तिथे आता ५०० झाले आहेत. (स्टॅम्पपेपर आणि पासपोर्ट दोन्ही आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात. म्हणून काही इथे ते स्वस्त मिळत नाहीत.)

तिसरी गोष्ट सही. कागदावर सही आहे का, सहीखाली नाव आणि हुद्दा वाचता येतो का, गोल शिक्का उमटला आहे का, जावक क्रमांक आणि तारीख आहे का, हे बघा. फिकट शिक्का, बॉलपेनची ओढलेली रेघ आणि खाली नावच नाही, असा दाखला वरच्या टेबलावर ओळखणार कसा? जुन्या हस्तलिखित दाखल्यांचं हेच होतं. सही करणारा अधिकारी निवृत्त होऊन वीस वर्षं झालेली असतात. अशा वेळी जुना दाखला घेऊन झगडत बसू नका. त्याच नोंदीचा नवा दाखला काढा.

नाशिकमध्ये होणारी कामं

जन्म-मृत्यूचा आणि लग्नाचा दाखला महापालिका हद्दीत असेल तर महापालिकेकडून मिळतो. मुख्यालय शरणपूर रोडला राजीव गांधी भवनात, पण नोंद ज्या विभागात झाली त्या विभागीय कार्यालयात विचारलेलं बरं: पंचवटी, सातपूर, नवीन नाशिक, नाशिकरोड, पूर्व किंवा पश्चिम. जन्म ज्या दवाखान्यात झाला तो कुठल्या विभागात येतो हे महत्त्वाचं, तुम्ही आज कुठे राहता ते नाही. गावाकडचा जन्म असेल तर ग्रामपंचायत. दाखल्यात बाळाचं नाव आहे ना, ते आवर्जून बघा. जुन्या नोंदींत फक्त ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढंच असतं, आणि नाव चढवून घेतल्याशिवाय असा दाखला परदेशी कामाचा नाही. इंग्रजी मजकूर असलेली द्विभाषिक प्रत मिळत असेल तर तीच घ्या, एक अनुवाद वाचतो.

पोलीस क्लिअरन्सचे दोन प्रकार आहेत आणि लोक ते सतत गोंधळतात. एक पासपोर्ट सेवेच्या पोर्टलवर अर्ज करून पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. दुसरा पोलिसांकडून, म्हणजे शहरात राहत असाल तर नाशिक पोलीस आयुक्तालय, बाहेर असाल तर ग्रामीण पोलीस अधीक्षक. परदेशासाठी जवळजवळ नेहमी पहिलाच हवा असतो. तो केंद्र सरकारच्याच कार्यालयाचा असल्यामुळे त्याला राज्याचा टप्पा लागत नाही, हा मोठा फायदा. मात्र तो फार काळ चालत नाही, बरेच देश सहा महिन्यांपेक्षा जुना घेत नाहीत. म्हणून सगळ्यात शेवटी काढा.

पदवीचं बघा. नाशिकच्या बहुतेक कॉलेजांची पदवी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची असते, २०१४ पूर्वीच्या प्रमाणपत्रांवर नुसतं पुणे विद्यापीठ. पडताळणी विद्यापीठाकडून होते, कॉलेजकडून नाही. प्राचार्यांच्या सहीची सत्यप्रत पुढे कुणी ओळखत नाही. वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपीवाल्यांचं नशीब चांगलं, महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही गंगापूर धरणाच्या वाटेवर. तात्पुरत्या पदवीवर म्हणजे प्रोव्हिजनलवर काम भागवण्याचा प्रयत्न अनेकजण करतात. दीक्षान्त प्रमाणपत्रच काढा. प्रोव्हिजनलवर पुढचा कुणी सही करेल याचा भरवसा नाही.

नर्सेसना एक सूचना. आखातात आरोग्यसेवेत जाणाऱ्यांना तिथला परवाना मिळवण्यासाठी डेटाफ्लोसारख्या खासगी कंपनीकडून पडताळणी करून घ्यावी लागते. ती कंपनी थेट विद्यापीठ आणि नर्सिंग कौन्सिलकडे विचारणा करते. त्याचा अटेस्टेशनशी संबंध नाही; एक झालं म्हणजे दुसरं झालं असं धरू नका.

प्रतिज्ञापत्र, वटमुखत्यारपत्र, पालकांचं संमतीपत्र यांना नोटरी लागतो. जिल्हा न्यायालयाच्या आसपास, सीबीएस ते मेहेर सिग्नलच्या टापूत हवे तेवढे सापडतील. नोटरीच्या शिक्क्यावर त्याचा नोंदणी क्रमांक, कार्यक्षेत्र आणि मुदत कधी संपते ते लिहिलेलं असतं. मुदत वाचा. नोटरी तिकीट लावलंय का, नोटरीच्या रजिस्टरमध्ये तुमची सही घेतली का आणि त्या नोंदीचा क्रमांक कागदावर आला का, हे तिथेच उभं राहून बघा. समोर न बसवता, रजिस्टर न उघडता धडाधड शिक्के मारून देणाऱ्याकडे जाऊ नका, शुल्क कितीही कमी असो.

मुंबईचा टप्पा

राज्याची सही मुंबईत होते. शैक्षणिक कागदांवर शिक्षण खात्याच्या बाजूने, आणि जन्म, लग्न, प्रतिज्ञापत्र अशा वैयक्तिक कागदांवर गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाकडून. या व्यवहारातले लोक पहिल्याला ‘एचआरडी’ आणि दुसऱ्याला ‘होम’ म्हणतात. एचआरडी म्हणजे केंद्राचं मनुष्यबळ विकास मंत्रालय; त्याचं नाव २०२० मध्येच बदलून शिक्षण मंत्रालय झालं, पण एजंटांच्या दरपत्रकावर अजून एचआरडीच असतं. कोणत्या राज्यातल्या कोणत्या अधिकाऱ्याची सही चालते याची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. निघण्याआधी ती उघडून बघा.

स्वतः जायचं असेल तर सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडून सीएसएमटीला उतरा, मंत्रालय तिथून टॅक्सीने जवळच. आधार आणि पासपोर्टची मूळ प्रत, प्रत्येक कागदाच्या दोन झेरॉक्स, आणि दुसऱ्याचे कागद नेत असाल तर त्याने सही केलेलं अधिकारपत्र सोबत ठेवा. शैक्षणिक कागद असेल तर विद्यापीठाचं पडताळणीपत्र आधी हातात हवं. ते नसताना मुंबई गाठणं म्हणजे फक्त वडापाव खाऊन परत येणं.

इथे एक आडवाट आहे, तीही सांगते. मूळ कागदाला हात न लावता, त्याच्या सत्यप्रतीवर दिल्लीत नोटरी आणि एसडीएमची (उपविभागीय दंडाधिकाऱ्याची) सही घ्यायची आणि त्यावर अपोस्टिल करायचं. एजंट याला ‘एसडीएमवालं’ म्हणतात. वेळ वाचतो, खर्चही कमी. बेकायदा नाही, स्टिकरही खराच लागतो. पण त्या साखळीत विद्यापीठ कुठेच नसतं. काही ठिकाणी हे चालतं, काही विद्यापीठं आणि दूतावास असा कागद सरळ नाकारतात. अमिरातीला नोकरीसाठी पदवी द्यायची तर हा मार्ग धरू नये. ज्याच्याकडे कागद जाणार त्याच्या ईमेलमध्ये सत्यप्रत चालेल असं स्पष्ट असेल तरच.

परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर

२०१२ पासून मंत्रालय सामान्य माणसाकडून थेट कागद घेत नाही. नेमलेल्या सेवाकंपन्यांच्या काउंटरवर ते द्यायचे असतात. कंपन्यांची नावं आणि पत्ते मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. पूर्वी सगळं दिल्लीत व्हायचं. २०१९ पासून मुंबईसह अनेक शहरांतल्या कार्यालयांतून होतं, त्यामुळे नाशिककराला दिल्ली गाठायची गरज नाही.

अपोस्टिलचं सरकारी शुल्क प्रत्येक कागदाला ५० रुपये. त्यावर कंपनीचं सेवाशुल्क आणि स्कॅनिंगचे पैसे. एवढंच. हा आकडा डोक्यात ठेवा, पुढे एजंटशी बोलताना कामाला येईल. मंत्रालयाचा टप्पा काही कामाच्या दिवसांत उरकतो. खरा वेळ विद्यापीठ आणि राज्याच्या टप्प्यावर जातो. इनटेकची, म्हणजे प्रवेशसत्राची तारीख ठरली असेल तर त्या हिशेबाने मागे मोजा.

मिळालेला स्टिकर कागदाच्या मागे असतो. घेऊन लगेच घरी पळू नका. त्यावर क्रमांक घातलेल्या दहा ओळी असतात: देश कोणता, कागदावर सही कुणाची, कोणत्या हुद्द्याने, शिक्का कोणत्या कार्यालयाचा, मग कुठे, कधी आणि कुणी प्रमाणित केलं, अनुक्रमांक, शिक्का, सही. दुसऱ्या ओळीत तुमचं नाव शोधू नका, तिथे राज्यातल्या सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव येतं. ते पाहून ‘चुकीच्या माणसाचं नाव छापलं’ म्हणून घाबरणारे पुष्कळ भेटतात. अनुक्रमांक मंत्रालयाच्या संकेतस्थळावर टाकून नोंद सापडते का ते त्याच दिवशी तपासा. नकली स्टिकरचा धंदा चालतो आणि तो उघडकीला येतो तो परदेशी कार्यालयात, म्हणजे सगळ्यात वाईट जागी.

ई-सनद नावाचं ऑनलाइन पोर्टलही आहे. २०१७ मध्ये सीबीएसईच्या कागदांपासून सुरू झालं. कागद देणाऱ्या संस्थेची नोंद त्या व्यवस्थेत असेल तर अर्ज आणि पडताळणी ऑनलाइन होते. सीबीएसईतून शिकलेल्यांनी मुंबईचा विचार करण्याआधी हे नक्की बघावं.

आखातासाठी एक पायरी जास्त

अमिराती, कतार, कुवेतसाठी मंत्रालयाकडून अपोस्टिलऐवजी साधं अटेस्टेशन घ्यायचं, मग त्या देशाच्या भारतातल्या दूतावासाचा किंवा वाणिज्य दूतावासाचा शिक्का, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा. दूतावासाचं शुल्क मोठं असतं आणि ते बदलतं. एकाच कामासाठी कंपनी कोणते कागद मागते ते एचआरला विचारा. बायको-मुलांना पुढे न्यायचं असेल तर लग्नाचा आणि जन्माचा दाखला त्याच फेरीत करून टाका. तिकडे गेल्यावर इथल्या भावाला किंवा मेव्हण्याला धावपळ करायला लावण्यापेक्षा ते बरं.

अनुवाद कधी?

हा माझा धंदा, म्हणून थोडं थांबून सांगते. बहुतेक युरोपीय देशांसाठी अनुवाद अपोस्टिलनंतर करा, कारण स्टिकरवरचा मजकूरही अनुवादात यावा लागतो. आधी केलेला अनुवाद पुन्हा करावा लागतो आणि पुन्हा पैसे पडतात. स्पॅनिश, इटालियन, फ्रेंचसाठी त्यांच्या दूतावासाने मान्य केलेले किंवा तिथे शपथबद्ध असलेले अनुवादक लागतात. माझ्यासारखीने केलेला मराठी-इंग्रजी अनुवाद तिथे थेट चालेलच असं नाही, मधली पायरी म्हणून चालतो. आणि अनुवादात स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ‘दुरुस्त’ करून द्या असं कुणी म्हणालं तर मी देत नाही, कुठलाही सरळ अनुवादक देणार नाही. मूळ कागदात ‘गंगुबाई’ असेल तर अनुवादातही गंगुबाईच राहणार. फरक प्रतिज्ञापत्राने मिटवायचा.

एजंट घ्यावा का?

घ्यावा, पण काय काम दिलं हे माहीत असताना. नोकरी करणाऱ्या माणसाला मुंबईच्या फेऱ्या परवडत नाहीत, दूतावासाचं काम तर एजंटशिवाय किचकटच. कॉलेज रोडपासून नाशिकरोडपर्यंत हे काम घेणारे बरेच आहेत. दर विचारताना एकूण आकडा विचारू नका. विद्यापीठ, राज्य, मंत्रालय, दूतावास असा टप्प्याटप्प्याने हिशेब मागा. एचआरडी मार्गाचे पैसे घेऊन एसडीएमवालं काम हातात देणं ही या व्यवसायातली सगळ्यात नेहमीची लबाडी. काम घेताना पावतीवर मार्ग कोणता ते लिहून घ्या आणि परत मिळाल्यावर मागचे शिक्के स्वतः वाचा.

मूळ कागद देण्याआधी दोन्ही बाजू स्कॅन करा, दिलेल्या प्रत्येक कागदाची यादी करून त्यावर समोरच्याची सही आणि शिक्का घ्या. मूळ पासपोर्ट सहसा लागत नाही, पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स पुरते. ‘पासपोर्ट ठेवून जा’ म्हणणाऱ्याला कारण विचारा.

द्राक्षवाल्यांसाठी दोन ओळी

इनव्हॉइस, मूळ-देश प्रमाणपत्र, कंपनीचा ठराव असे व्यापारी कागद वेगळ्या वाटेने जातात. त्यांवर पहिली सही चेंबर ऑफ कॉमर्सची, मग मंत्रालय, मग लागेल तर दूतावास. नाशिकमधल्या निर्यातदाराने आधी चेंबरचं सभासदत्व आणि सही करणाऱ्या व्यक्तीचा नमुना तिथे नोंदवून ठेवावा. कंटेनर निघायच्या दिवशी ही धावपळ करू नये. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचा याच्याशी संबंध नाही, ते कृषी खात्याच्या मार्गाने येतं.

तिकडून इकडे येणारे कागद

मुलगा न्यू जर्सीत आणि वडिलांना इंदिरानगरचा फ्लॅट विकायचा आहे, हे प्रकरण दर आठवड्याला कुणाच्या तरी घरी असतं. मुलाने तिथे वटमुखत्यारपत्र करून तिथल्या नोटरीपुढे सही करायची आणि त्या राज्याच्या अधिकाऱ्याकडून अपोस्टिल घ्यायचं, किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात जाऊन सही प्रमाणित करायची. मसुदा इथल्या वकिलाकडून लिहून घेऊनच पाठवा, मिळकतीचा सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा अमेरिकेतला नोटरी तपासत नाही. कागद कुरिअरने नाशिकला पोचला की लिफाफा फेकू नका, त्यावरची पोचल्याची तारीख हा पुरावा आहे. महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांच्या कार्यालयात नेऊन त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं असतं. ते झाल्याशिवाय दुय्यम निबंधकासमोर तो कागद कामाचा नाही, त्यामुळे खरेदीखताची तारीख त्यानंतरची ठरवा.